विहिरीचा नारळ

बहात्तर साली पाथर्डीच्या भागात रडायचं म्हटलं तरी डोळ्यांत पाणी येईना, तेव्हा सूर्यभान मुकादमाच्या नव्या घराच्या भिंतीला ओल आली. सारा गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होता, टँकरची वाट बघत होता. इथं त्या भिंतीच्या देवळीतला गणपती मात्र नखशिखांत भिजला होता. हसावं की रडावं हे मुकादमाला कळेना. मग त्यानं नेहमीचंच केलं, दुसऱ्याच्या नावानं खडे फोडले.

दुसरा म्हणजे भीमा गवंडी. घर त्यानंच बांधलेलं. त्यानं भिंतीवरून हात फिरवला, वास घेतला, ओलं बोट जिभेला लावलं.

"मुकादम, ह्या भितीला मी पानी मारलंच न्हाई. हुतं कुटं मारायला? तडा जाईल एवडीच भीती हुती मला."

"मंग ह्ये काय गळतंय?"

"ग्वाड हाय," असं म्हणून भीमानं पुन्हा बोट लावलं.

घर मुकादमाचं असलं तरी हट्ट त्याच्या बायकोचा, झुंबरबाईचा. तिचा उभा जन्म बेलापूर-राहात्याकडं ऊस तोडण्यात आणि उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत गेला. वरून गळती, खालून ओल. एक लेकरू त्या ओलीनंच गेलं. "पाठ टेकायला एक कोरडी भित द्या मला," एवढंच ती मागायची. मुकादम माणूस कंजूष, पण बायकोवर जीव. गावातला पहिला स्लॅब त्यानं टाकला. चुलीचा धूर जायला झुंबरबाईनं त्या स्लॅबमध्येही जुन्या धाब्याच्या घरासारखं गोल साणं, आभाळ दिसेल असं उघडं भोक, ठेवायला लावलं, तेव्हा भीमा पोट धरून हसला होता.

आता मुकादमाची काटकसर. ती जागा मुळात विहिरीसाठी धरलेली. कानिफनाथ पाणाड्या तळहातावर नारळ घेऊन फिरला, नारळ उभा राहिला. मग रीतसर पूजा झाली, पाण्यातल्या साती आसरांची ओटी भरली, नारळ फुटला. खणलं तर खडक, तोही ठणठणीत कोरडा. मुकादमानं त्याच खड्ड्यात घराचा पाया भरला. घराची वेगळी पूजा कर, असं चार जणांनी सांगितलं, तर म्हणाला, "जमीन तीच, देव त्येच. एका जागंला दोन नारळ कशाला?" गाव बरेच दिवस त्यावर हसत होता.

भीमानं भिंतीला डांबर फासलं. डांबरावरून पाणी आणखी ऐटीत ओघळलं. स्लॅब बघून ज्यांनी नाकं मुरडली होती त्याच बायका भिंतीखाली घागरी लावून बसू लागल्या. झुंबरबाई त्यांना पाणी भरून द्यायची आणि पदरानं डोळे पुसायची. "कोपीच बरी हुती," म्हणायची. मुकादमाला ते काळजात टोचायचं.

मग आवाज बदलले. मुकादमानं "अगं" म्हटलं की जरा वेळानं "अगं" वरून परत यायचं. एकदा हातातली वाटी पडली. फरशी कोरडी होती, तरी 'डुबुक' झालं. वाटी सापडली नाही. मुकादमानं दोष भीमाच्या फरशीला दिला.

अखेर कानिफनाथाला बोलावलं. तो चुलीपाशी आला आणि हातावरचा नारळ ताडकन उभा राहिला.

"बगा! मी तवाच म्हनलं हुतं, पानी हाय!" त्याची छाती फुगली. मग त्यानं सहज वर साण्याकडं पाहिलं आणि तोंड मिटलं. नारळ तिथंच टाकून, चहाला न थांबता तो निघून गेला. फुकटचा चहा त्यानं आयुष्यात पहिल्यांदा सोडला असेल.

"चल, वडलांच्या जुन्या घरात जाऊ," मुकादम म्हणाला.

"म्या न्हाई हलायची," झुंबरबाई म्हणाली. तिनं तो नारळ उचलला, खण घेतला आणि भिंतीच्या बुडाशी बसून आसरांची ओटी भरली. कितीतरी वेळ ती भिंतीशी हळू आवाजात बोलत होती.

सकाळी भिंत खडखडीत कोरडी.

मुकादमाला आनंद झाला, पण खात्री करायची खोड. दुपारी तो शिडी लावून स्लॅबवर चढला.

साण्याच्या काठाला खाचा पडल्या होत्या. गुळगुळीत, खोल. गावविहिरीच्या दगडाला पिढ्यान्‌पिढ्या दोर घासून पडतात तशा. स्लॅबला अजून वर्षही झालं नव्हतं.

खाचा ओल्या होत्या.

तो उतरला, शिडी काढून आडवी ठेवली आणि घरात आला. झुंबरबाई भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून बसली होती. इतकं निवांत त्यानं तिला कधी पाहिलं नव्हतं.

"कोरडी हाय बगा," ती म्हणाली.

वर बांगड्या वाजल्या.

"जपून सोड गं," कुणीतरी बाई म्हणाली. "तळ दिसंना."

मुकादमानं वर पाहिलं. साण्यातलं गोल आभाळ खूप लांब गेलं होतं.

"कोन हाय वर?" त्यानं कुजबुजत विचारलं.

"असंनात कोनी. त्यांनी उपसलं म्हून माजी भित सुकली." झुंबरबाईनं डोळे उघडले नाहीत. "तुमी जरा हिकडं सरका. घागर लागंल डोक्याला."