उलटी मशाल

पॅरिसमध्ये एका राजपुत्राने जुन्या रोमन थाटाचं घर बांधलं आणि इकडे लियों शहरातल्या रेशीमवाल्यांची झोप उडाली. ज्याला त्याला दिवाणखान्यात रोम हवं. माझा मेहुणा आंसेल्म त्यांतलाच. माझी धाकटी बहीण युलाली हिच्या खोलीच्या भिंती मीच रंगवाव्यात, असा त्याचा हट्ट. तिचं पहिलंच बाळंतपण जवळ आलं होतं.

गडद लाल भिंतीवर नागडी, पंखवाली पोरं, प्रत्येकाच्या हातात उंच धरलेली मशाल. चित्राच्या कागदाला सुईने भोकं पाडायची आणि वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थोपटायची, की भिंतीवर ठिपके उमटतात. सगळी पोरं मी एकाच कागदावरून उतरवली होती. तरी सकाळी पलंगाजवळच्या पोराची मशाल खाली वळलेली दिसली.

रोमन लोक तसं पोरगं थडग्यावर कोरत. मशाल वर म्हणजे लग्न, खाली म्हणजे मरण. आमच्या धंद्यात हे शेंबडं पोरही जाणतं. आपलाच हात चुकला असेल म्हणून मी ती गुपचूप दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी मशाल पुन्हा खाली, आणि पोराची मान युलालीच्या उशीकडे.

"दमलाय रे तो, दादा," युलाली म्हणाली. "किती वेळ हात वर धरणार?"

"तू त्याला हलताना पाहिलंस?"

"तू चिडशील म्हणून बोलले नाही."

आंसेल्मला सांगितलं तर तो हसला.

"गास्पार, वाईन जरा बेताने घेत जा."

त्याच दुपारी तिला कळा सुरू झाल्या. नेहमीची सुईण सापडेना, म्हणून आंसेल्म पलीकडच्या गल्लीतून कुणाला तरी आणायला धावला. तेवढ्यात मी त्या पोराला पात्याने खरवडून काढलं, आतला पांढरा गिलावा दिसेपर्यंत. लाल भुगा चुलीत टाकला. भिंतीवर आता तो नव्हता. मला हायसं वाटलं.

आंसेल्म नवी सुईण घेऊन आला, ती आत गेली आणि आम्ही दोघे दाराबाहेर उभे राहिलो. युलाली किंचाळत होती.

मग बाळ रडलं.

सुईण हात पुसत बाहेर आली. "मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

आंसेल्मने मला मिठी मारली. मी रडलोच.

"पण साहेब, तुमच्या थोरल्याला आधी बाहेर घ्या," ती म्हणाली. "बाळंतिणीच्या उशाशी नागडा बसलाय, आणि हातातली मशाल फरशीवर घासतोय. मी दटावलं, तर ऐकेना. आता विझतच आलीय म्हणा."