इंदुमतीला विचारायचं राहिलं

पोस्टकार्ड उघडंच असतं. कुणी वाचलं तर तक्रार करू नये. कराडच्या पोस्टात माझ्या शेजारी उभा राहून तो लिहीत होता आणि मी वाचत होते. ‘इंदुमती की कहानी का अंत बहुत अच्छा लगा. सूबेदार साहब को अपना घर मिला…’

“झालं का वाचून?” मान वर न करताच तो म्हणाला.

“अर्धंच झालंय. हात काढा जरा.”

त्यानं हात काढला. मग बघितलं माझ्याकडं… वळवाच्या पावसात भिजून आलेला, बारीक कापलेले केस, मिशीखाली दाबलेलं हसू. दुसरी एखादी लाजली असती. मी माझं पाकीट त्याच्या कार्डावर आपटलं. त्यात चार फुलस्केप पानं होती, टीव्हीवरच्या त्याच मालिकेवर, मराठीत. दिल्लीवाल्यांना कळत नसेल तर त्यांनी कुणाकडून तरी वाचून घ्यावं.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. इंदुमतीचा सुभेदार नवरा लढाईत बेपत्ता होतो. साडेतीन वर्षं, दर मंगळवारी, ती बाई एकटी शेती ओढते, विहीर पाडते, दिराशी भांडते. गुरांच्या डॉक्टरचा तिच्यावर जीव, तिचा त्याच्यावर. आणि शेवटच्या भागात सुभेदार दारात उभा. थोरला दीर म्हणतो, इंदू, आरतीचं ताट आण. ती आणते. सनई. संपलं. साडेतीन वर्षं मी काय झक मारायला बघत होते?

“मी मिल्ट्रीत हाय,” तो म्हणाला. “पाटणजवळचा. आमच्या युनिटात चाळीस जणं एका टीव्हीपुढं बसायचो. सुभेदार दारात आला तवा निम्मे रडले.”

“आणि डॉक्टरचं काय?”

“डॉक्टरचं कोण बघतंय.”

“इंदुमतीचं तरी कुणी बघितलं?”

“मग काय, त्याला दारातनं माघारी धाडायचा? एवढं सोसून आल्याला माणूस.”

“धाडायचा का ठेवायचा, ते तिला विचारायचं. तिनं ठेवला असता तर मीच टाळ्या वाजवल्या असत्या. पण विचारलं कुणी?”

तो म्हणाला, “लय भांडता तुमी. नाव काय?”

“पाकिटावर हाय. मी न्हाई का वाचलं तुमचं?”

“संयोगिता…” त्यानं सावकाश वाचलं. एवढं सावकाश वाचायची गरज नव्हती.

त्याचं नाव साईराज. रजेचे पंधरा दिवस उरले होते. त्यानंतर रोज, माझा टायपिंगचा क्लास सुटायच्या वेळेलाच त्याचं कराडात काम निघायचं. एकदा चपलेचा अंगठा शिवायचा, एकदा नुसतंच काहीतरी. आम्ही संगमावर बसायचो. समोर कृष्णा आणि कोयना भिडलेल्या, इकडं आम्ही, इंदुमतीवरून. बाराव्या दिवशी इंदुमतीचं बोलणं संपलं तरी कुणी उठेना. त्याचा हात माझ्या हाताजवळ होता — जवळ, इतकंच. मला हाच पाहिजे, हे मला तिथंच कळलं.

तेराव्या दिवशी घरी आले तर आई हसत म्हणाली, “तुझं ठरलं बाई. पाटणकडनं नानासो आल्ते, साईराजचे चुलते. तात्यांनी सुपारी फोडली.”

तात्या म्हणजे माझे वडील. मिल्ट्रीतला जावई मिळाला म्हणून खुशीत पान लावत बसले होते.

“मी हे लग्न करणार न्हाई,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संगमावर साईराजचा चेहरा बघवत नव्हता. “म्हंजे मी तुमाला… आवडत न्हाई?”

“आवडता. लय आवडता.”

“मग?”

“मला कुणी विचारलं?”

“रीतच हाय तशी, म्हणून नानासोंना धाडलं मी. थोरल्यांनी थोरल्यांकडं जायाचं, सुपारी फोडायची…” तो मध्येच थांबला. “आयला. म्हंजे मी त्या थोरल्या दिरासारखंच वागलो की.”

त्याचं त्यानंच बघायचं होतं.

संध्याकाळी तो आमच्या दारात. मागं नानासो, तोंड वाकडं करून.

“तात्या, सुपारी मोडा. माझं चुकलं. आधी ह्यांना विचारतो.”

“फुटल्याली सुपारी मोडायची?” तात्या उखडले. “आणि ती न्हाई म्हणाली तर?”

“तर उद्याच्या गाडीनं जातो. परत ह्या दारात दिसायचो न्हाई.” मग माझ्याकडं वळला. “संयोगिता… माझ्याशी लग्न कराल?”

नानासोंनी कपाळाला हात लावला.

उत्तर माझ्याकडं कधीचं तयार होतं. पण आमच्या घरात पहिल्यांदाच तीन पुरुष माझ्या तोंडाकडं बघत थांबले होते. मी आधी हातातला चहा संपवला.

“उद्या स्टेशनावर सांगते.”

गाडी हलली तेव्हा तो दारात दांडी धरून उभा होता. मी बरोबरीनं चालत होते.

“सांगताय का न्हाई?”

“दिवाळीला रजा मिळंल?”

“मिळवतो.”

“मग मिळवा. तारीख मी काढणार.”