मागच्या खोलीचा खटका

सावली गावाच्या बाहेर, शेतांना लागून असलेल्या त्या घरात उत्कर्षा लग्न होऊन आली, त्याला चार महिने झाले होते. ती बडोद्याची, दांडिया बाजारात वाढलेली. इथे दर चार-आठ दिवसांनी लाइट जायची, पण त्याचा त्रास तिला झालाच नाही. गच्चीवर सोलरची पॅनेलं होती, जिन्याखाली बॅटऱ्या होत्या. तिचा त्रास वेगळाच होता. हे सगळं तिच्या नवऱ्याने, विक्रमसिंहाने, पहिल्या बायकोसाठी बसवलं होतं. शलाकाची फुप्फुसं निकामी होत गेली, तेव्हा तिचं ऑक्सिजनचं मशीन क्षणभरही थांबू नये म्हणून. शलाका जाऊन दोन वर्षं झाली होती, मशीनही एका दवाखान्याला देऊन झालं होतं. तरी दर रविवारी विक्रमसिंह ओल्या फडक्याने एकेक पॅनेल पुसत बसायचा, आणि खाली उत्कर्षाचा चहा गार होत राहायचा.

जूनमधल्या एका रविवारी त्याची कारखान्यात ड्यूटी होती, म्हणून पॅनेलं पुसायला तीच गच्चीवर गेली. दुपारी वावटळ आली, कुठेतरी खांब पडला आणि लाइट गेली. दिवस मावळायला आला तरी ती आली नाही. बॅटरी पुरावी म्हणून उत्कर्षाने फ्रिज बंद केला, पंखे बंद केले, सगळे दिवे मालवले आणि जिन्याखाली जाऊन पाहिलं. इन्व्हर्टरच्या छोट्या पडद्यावर आकडा होता... तीनशे चाळीस वॅट.

घरात तर काहीच चालू नव्हतं. अंधारात नुसता धुळीचा वास भरून राहिला होता. तिने विक्रमसिंहाला फोन लावला आणि आकडा सांगितला. 

"तेवढं राहू दे," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"लाइट गेली की तेवढं जातं... मागच्या खोलीत. तिच्या मशीनला लागायचं तेवढंच. तू हात लावू नकोस."

मागची खोली शलाकाची. कुलूपबंद, आत एक रिकामी खाट. उत्कर्षाला आधी भीती वाटलीच नाही; ती नखशिखान्त पेटली. लाइट गेली की हा उठून जिन्याखाली जायचा, तर ते बॅटरी बघायला नव्हे. शलाका आली की नाही, हे बघायला जायचा. आणि आपण मात्र त्याची शेजारची खुर्ची राखत बसायचो.

इन्व्हर्टरशेजारी प्रत्येक खोलीचा खटका वेगळा होता. तिने मागच्या खोलीचा खाली ओढला. पडद्यावर शून्य आलं.

मग कुलपामागून आवाज आला. खाटेच्या लाकडावर तळहात आपटल्याचा. बोलायला श्वास न पुरणारा माणूस बोलावतो, तसा. टप... टप... उत्कर्षा खटका दाबून धरून उभी राहिली. आवाजातलं अंतर वाढत गेलं आणि तो थांबला.

विक्रमसिंह आला, तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं. तो रागावला नाही. कुलूप काढून त्या खाटेवर तासभर बसून राहिला आणि मग जेवायला आला. उत्कर्षाला वाटलं, सुटलो.

चार दिवसांनी दिवेलागणीला पुन्हा लाइट गेली. विक्रमसिंह उठला. तीही फ्रिज, पंखे, दिवे बंद करून मागोमाग गेली. पडद्यावर तीनशे चाळीस.

"तो खटका तर खालीच आहे..." ती म्हणाली.

 ती एकेक खटका खाली करत गेली. स्वयंपाकघर. पडवी. बैठकीची खोली. आकडा हलला नाही. उरला फक्त त्या दोघांच्या झोपायच्या खोलीचा. तो तिने ओढला.

शून्य.

त्यांच्या पलंगावर तळहात आपटू लागला.

विक्रमसिंहाने तिच्या खांद्यावरून हात पुढे नेला आणि खटका वर केला. आवाज थांबला.

"आज तू बाहेर झोपशील?" त्याने हळूच विचारलं.

उत्तरासाठी तो थांबला नाही. झोपायच्या खोलीशी गेला. दाराला त्याचा हात लागायच्या आधीच आतली कडी निघाल्याचा आवाज आला.