बादशहाचं स्थळ

"उद्या सकाळी नरहरकाका बेगमला बादशहाच्या पिंजऱ्यात सोडणार! आपल्याजवळ आजचाच दिवस आहे!" ऋतानं जाहीर केलं.

तिच्या मांडीवर कापूस होता. नरहरकाकांच्या बादशहा-बेगम या मांजरांचं दोन महिन्यांचं पांढरंशुभ्र पिल्लू, काकांनीच तिला दिलेलं. त्याचा खालचा जबडा इतका वाकडा, की दूध बिचाऱ्याच्या पोटात कमी आणि ऋताच्या फ्रॉकवर जास्त! चार भावंडांपैकी दोन तर आठवड्यातच गेली होती. 'नजर लागली,' म्हणून काका मोकळे! पण जनावरांच्या डॉक्टर सरलादीदींनी विचारलं होतं, "याचे आईबाप एकमेकांच्या नात्यातले तर नाहीत? जवळच्या नात्यात जोडी लावली, की असे दोष पिल्लांत उतरायची भीती फार वाढते."

तेवढ्यात ऋताचा भाऊ शिशिर धापा टाकत आला. "शांताकाकूंनी मले काकांची मांजरांची वही दाखवली! बादशहा अन् बेगम एकाच दिवशी, एकाच आईच्या पोटी जन्मले. सख्खे बहीणभाऊ!"

"मग सांग न काकांले!" शेजारची गोदू म्हणाली.

"सांगितलं! म्हणे, 'घराणं शुद्ध राहते. चल, पळ!'"

रायपूर राजधानी झाल्यापासून नव्या बंगल्यांतले साहेब काकांची पांढरी मांजरं मागायला येत. मग काका कशाला कोणाचं ऐकतात! पण त्यांचा दुसरा उद्योग अख्ख्या ब्राह्मणपारा मोहल्ल्याला ठाऊक होता. काका लग्नं जुळवायचे. गोत्र एक निघालं, की पत्रिका परत. मग मुलगा कलेक्टर का असेना!

ऋता एकदम उभी राहिली. "शिशिर, कागद आण!"

संध्याकाळी तिघंही काकांच्या ओसरीवर हजर! शांताकाकू भाजी निवडत बसल्या होत्या.

"काका, अभनपूरचं स्थळ आहे. जरा पाहून द्या न," ऋता अगदी गरीब चेहरा करून म्हणाली.

काकांनी तिच्या हातातला कागद घेऊन चष्मा चढवला. "मुलगी गोरीपान, डोळे घारे... वा! वडील राजाराव, आई राणीबाई. आता मुलगा. हाही गोरा, घाऱ्या डोळ्यांचा. वडील..." काका ताडकन उठले. "राजाराव? आई राणीबाई? जन्मतारीखही तीच? अरे गाढवांनो, हे तर सख्खे बहीणभाऊ! कोण मूर्ख हे लग्न जुळवून राहिला?"

"काहून काका? घराणं शुद्ध राहते न!" शिशिर म्हणाला.

"अन् जुळवून तर तुम्हीच राहिले!" गोदूला राहवलंच नाही. "नवरदेव बसलाय तिथं पिंजऱ्यात!"

शांताकाकूंना असं हसू फुटलं, की मेथीची जुडी खाली पडली.

"अगं, पण ती मांजरं आहेत..." काका पुटपुटले.

ऋता हसली नाही. तिनं सोबत आणलेल्या कापसाला काकांच्या हातात ठेवलं. "याले दूध पिता येत नाही, काका. रात्रभर रडते. अजून चार अशी जन्मली, तर त्यांले कोण पाजणार?"

कापूस काकांचं बोट चोखायला धडपडत होता. पुन्हा पुन्हा ते तोंडातून निसटत होतं. काकांनी त्याला अलगद छातीशी धरलं.

"चुकलं माझं, पोरी," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बादशहाचा पिंजरा निघाला तो थेट सरलादीदींच्या दवाखान्यात, पुन्हा पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशनसाठी! "मी सांगून थकले असते," दीदी हसून म्हणाल्या, "या पोरांनी एका कागदात काम केलं. शाबास!"

आणि त्या संध्याकाळपासून कापसाला ड्रॉपरनं दूध पाजायला काका स्वतः ऋताकडे येऊ लागले. पहिल्याच दिवशी त्यांच्या धोतरावर निम्मं दूध सांडलं. "राहू दे," काका म्हणाले, "निम्मं तर पोटात गेलं न!"