दोघांत एक करवत

दुकानात खोका एकच होता आणि त्यावर हात दोन पडले. एक तिचा. दुसरा कुणाचा ते बघायच्या आधीच तिने आपला हात असा झटकन मागे घेतला, की खोक्यावर विंचू बसलाय असं वाटावं.

“अहो, चावत नाही मी,” तो म्हणाला.

“मी... खोक्याला घाबरले,” ती म्हणाली. आणि हे त्याहूनही वेडगळ वाटतंय हे लक्षात येऊन कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली.

खोक्यात नक्षीकामाची करवत होती, स्क्रोल सॉ म्हणतात ती. शिवणयंत्राएवढी, टेबलावर बसवायची. केसासारखं बारीक पातं उभं वर-खाली धावतं आणि आपण फळी हळूहळू फिरवत न्यायची. हवं ते वळण कापून हातात येतं. चांगल्या बनावटीची ही करवत कित्येक महिने बाजारातून गायब होती.

“कंपनीला फोन लावून लावून माझं बोट झिजलं,” दुकानदारकाका म्हणाले. “कुठल्याशा एका सुट्या भागावाचून कारखाना अडलाय म्हणे. हलकी मशीनं हवी तेवढी आहेत. सकाळी हसत न्या, संध्याकाळी रडत परत आणा. पण ही एकच. तुमचं तुम्ही ठरवा बुवा, मी भांडणात पडत नाही.”

ती लहान मुलांची लाकडी कोडी बनवायची. सुटे तुकडे जुळवले की चित्र पूर्ण होतं, तसली. कुणी शिकवलं नव्हतं, आपलं आपण शिकली होती. सगळे तिला कोडीवालीच म्हणत. तिच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटावर एक पांढरट रेघ होती, आणि ते बोट ती आताही बाहीत लपवून उभी होती. तिच्याकडच्या हलक्या मशीनची पकड चालता चालता सुटली होती, पातं तुटलं होतं आणि सरळ बोटात शिरलं होतं. जखम भरली. पण तेव्हापासून मशीनसमोर बसलं की तिच्या तोंडाला कोरड पडे. दगाबाज होतं ते मशीन, तिने स्वतःला समजावलं होतं. विश्वासाचं मशीन आलं की हात पुन्हा पहिल्यासारखे चालतील. म्हणून तर हा खोका हवाच होता!

“मलाही हवीच आहे,” तो म्हणाला. त्याचा धंदा दिव्यांचा – पातळ फळीतून पानाफुलांची जाळी कापून तो दिव्यांना छत्र्या करायचा. “माझं जुनं मशीन इतकं थरथरतं, की जाळीतली पानं मी कापत नाही, ती आपणहून गळतात.”

तिला हसू आलं. आवरायच्या आधीच आलं.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “दोघांत घेऊ या? सकाळ तुमची, दुपार माझी.”

“आणि ठेवायची कुठे?”

“तोच घोळ आहे. माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, खाली फळ्यांची जमीन. मशीन सुरू केलं की खालचे आजोबा काठीने छत ठोकतात.”

“आमचा तळमजला आहे,” ती बोलून गेली. “जमीन पक्की आहे.”

घरी मावशीने – आई गेल्यापासून तिचं सगळं मावशीच होती – कपाळाला हात लावला. “अनोळखी पुरुष रोज घरात? आणि तोही त्या बोटखाऊ यंत्रापायी?”

“दिवे करतो गं तो.”

“दिवेच लावणार दिसतो!”

पण करवत आली. बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळ, जड टेबलावर नीट बसली. पहिल्या सकाळी ती समोर बसली, फळी घेतली, बटणाकडे हात नेला... आणि हात तिथेच थांबला. मशीन नवंकोरं होतं, पकड घट्ट होती, कंपनी नावाजलेली होती. तरी तिने फळी खाली ठेवली. म्हणजे भीती त्या जुन्या मशीनमध्ये नव्हती तर! ती हिच्यातच होती, हिच्याबरोबर दुकानात गेली होती आणि हिच्याबरोबरच परत आली होती.

मग रोज सकाळी ती जुने तुकडे घासत बसे, रंगवत बसे. त्याची यायची वेळ झाली की स्वच्छच असलेलं टेबल पुन्हा पुसून ठेवी.

तो दारात पावसाने भिजलेली छत्री झटकायचा. “काय कापलंत आज?”

“हत्ती.”

“काल पण हत्तीच होता.”

“मोठा आहे.”

“असेल, असेल,” तो गंभीरपणे म्हणायचा आणि कामाला बसायचा.

आधी ती आतल्या खोलीतून नुसती ऐकायची. मग उंबऱ्यात येऊन उभी राहू लागली, मग शेजारच्या स्टुलावर बसू लागली. पाऊस खिडकीला बारीक बारीक टिचक्या मारायचा आणि त्याच्या बोटांखाली फळी अशी वळायची, की जणू झोपलेल्या मुलाला कुणी कुशीवर वळवतंय. एकदा दिव्याची छत्री पुरी झाली तेव्हा त्याने आत दिवा लावून बघितला. साऱ्या भिंतीवर उजेडाची पानं सांडली.

“हलू नका,” तो म्हणाला. “तुमच्या गालावर एक पान पडलंय.”

“उचला मग,” ती म्हणाली... आणि आपल्याच धिटाईने दचकली.

त्याचा हात पुढे आला. तिच्या गालापाशी क्षणभर थांबला – आणि त्याने दिवा मालवला. “उचललं.”

त्या दिवशी तिच्या जिवाची जी घालमेल झाली, ती मावशीने स्वयंपाकघरातून ओळखली. पण मावशीला वाटलं त्याहून खरं कारण वेगळंच होतं. आता एका भीतीच्या दोन झाल्या होत्या. एक पात्याची. दुसरी – त्याला कळेल याची. जिला कापताच येत नाही तिला अर्धी करवत कशाला? तो शहाणा माणूस, म्हणेल, मीच नेतो मशीन. आणि मग या दुपारी... तिला पुढचा विचार करवेना.

आणि एका भुरभुरत्या दुपारी मशीन खडखडलं.

नुसतं खडखडलं नाही. फळी टेबलावर थाडथाड आपटायला लागली, मासा उडावा तशी. त्याने घाईने बटण बंद केलं. थोडं थांबून पुन्हा सुरू केलं – पुन्हा तेच, जास्तच. त्याचा चेहरा उतरला.

“बेअरिंग गेलं वाटतं. नवंकोरं मशीन!”

“दुरुस्त नाही होणार?”

“सुटे भाग आहेत कुठे? मशीनच मिळत नाहीत, भाग कुठून मिळणार!” तो टेबलाला हात टेकून उभा राहिला. “काका म्हणाले होते, परत करायचं तर लवकर करा, मागाहून कंपनी दाद देणार नाही. उद्या देऊन टाकू.”

“आणि... मग?”

“मग वाट बघायची. कधी तरी येईल माल.”

“आणि तुम्ही?”

“मी काय... माझ्या थरथऱ्यावर करीन काम. माझ्या खोलीत.”

तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या छातीत मशीनसारखंच काहीतरी थाडथाड आपटायला लागलं. पण त्या गोंधळातही तिचा कान काही तरी सांगत होता. हा आवाज ओळखीचा होता! नवीन शिकताना तिने स्वतः हा आवाज काढला होता.

“पातं उलटं बसलंय,” ती म्हणाली.

“छे. दात खालीच आहेत. बोटाने चाचपून लावलंय मी.”

या करवतीत दात खाली तोंड करून असावे लागतात, म्हणजे फळी टेबलाला दाबून राहते. वर तोंड झालं की फळी उडते. पण दात इतके बारीक, की नजरेला दिसत नाहीत, बोटालाच कळतात.

“कुठे चाचपलंत?”

“इथे, वरच्या टोकाला.”

“पाकीट नेहमीचंच?”

“नाही. नेहमीची पातीही संपलीत बाजारातून. मिळालं ते आणलं.”

“या असल्या पात्यांत एका टोकाचे थोडे दात बाकीच्यांच्या उलट असतात,” ती भरभर बोलू लागली. “फळीची खालची बाजू चिरफळू नये म्हणून. तुम्ही नेमके तेवढेच चाचपलेत. सबंध पात्यावरून बोट फिरवून...” आणि ती एकदम थांबली.

“तुम्हीच बघा ना,” तो म्हणाला. मग तोही थांबला. वाकून त्याने भिंतीतून प्लग काढला, वायर ओढली आणि प्लग तिच्या उजव्या हातात ठेवला. “हा तुमच्याकडे. तुम्ही सोडत नाही तोवर काही सुरू होणार नाही.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. “तुम्हाला माहीत होतं?”

“सुरुवातीपासून. मी लावून गेलेलं पातं दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं असायचं. कोडी कापायला याहून बारीक लागतं, नाही? एवढा मोठा हत्ती कापलात, पण पातं बदललं नाहीत.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो, तर तुम्ही म्हणाला असतात – घेऊन जा मशीन.” त्याने टेबलावरचा भुसा उगाच झटकला. “मग मी इथे कोणत्या तोंडाने आलो असतो? मलाही भीती वाटते. मशीनची नाही... त्या ‘घेऊन जा’ची.”

पाऊस खिडकीशी काही तरी पुटपुटत होता. तिने डावा हात बाहीतून काढला. बोट पात्याला टेकलं, वरून खाली निघालं... गुळगुळीत, गुळगुळीत... आणि मग खरखर टोचलं. अंग शहारलं. पण तिने बोट मागे घेतलं नाही, शेवटपर्यंत नेलं.

“घाबरलीस?” त्याने हळूच विचारलं.

“खूप,” ती म्हणाली. “पण उलटंच आहे.”

प्लग काखेत धरून तिनेच पातं काढलं, फिरवून बसवलं, पकड आवळली, बोटाने छेडून बघितलं – टण्! प्लग त्याच्या हातात दिला. त्याने फळी धरली, मशीन सुरू केलं, आणि फळी टेबलाला अशी चिकटून सरकली, की जणू काही झालंच नव्हतं.

दोघं हसली. मग तिचं हसू विरलं. “आणि माल आला बाजारात... मग?”

“मग दुसरं मशीन घेऊ.”

“तुमच्या खोलीसाठी?”

“याच्या शेजारी. जमीन पक्की आहे इथली.” तो थोडा अडखळला. “मशीन आलं नाही तरी मी यायला तयार आहे. सकाळीही. कायमचाच... तुझी हरकत नसेल तर.”

तिने मान हलवली. हो का नाही, हे तिचं तिलाही कळलं नसतं, पण त्याला कळलं.

“जमीन माझी आहे म्हणावं त्याला!” स्वयंपाकघरातून मावशीचा आवाज आला. “आधी इकडे येऊन मला विचारायला सांग!”

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने केसांतला भुसा झाडला, शर्टाची गुंडी लावली, परीक्षेला निघालेल्या पोरासारखं एकदा मागे वळून बघितलं आणि आत गेला.

दार लोटलं गेलं. आत मावशीचा आवाज, मग त्याचा, मग पुन्हा मावशीचा... आत काय चाललंय ते ऐकायची तिची छातीच होईना. काहीच ऐकू येऊ नये म्हणून तिने समोर दिसली ती फळी ओढली, पात्यापुढे धरली आणि बटण दाबलं. घर्रर्र आवाजात आतलं सगळं बुडालं. भुसा उडाला, फळी सरकली, बोटं आपोआप वळली... आणि पहिलं वळण पार झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण कापतोय.