तीस हजार एकतीसची बाकी

३१ ÷ २, बाकी १

टँकर येणार म्हणून गल्लीतल्या घागरी जमल्या होत्या. एकतीस. भांडण नको म्हणून मी दोन-दोनच्या ओळी लावल्या — माझी उरली. तीन-तीनच्या लावल्या — माझीच उरली. पाच-पाचच्या लावायला घेतल्या, तर मागून आवाज आला, "तरी उरणारच की."

वळले. धुळीनं माखलेला पांढरा शर्ट... आणि हसरे डोळे. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेरीत नायगावहून आलेले कारकून मन्मथ समोरच्या माडीवर राहायला आले होते.

"हसता काय? घागर उचलू लागा!"

३००३१ ÷ १३, बाकी १

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या ओट्यावर खडूनं हा आकडा लिहिला.

"रुद्राणी, दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा — कशानंही भाग. एकच उरतो."

"बिचारा!"

"पुढंही कशानंच पुरता भाग जात न्हाई याला."

"मी शोधून दाखवते. मग मी म्हणीन ते ऐकायचं."

"हाव, ऐकीन. काय म्हणशील?"

"आधी हरा तर खरं..."

मनात ठरलेलं होतं. म्हणायचं — तुमच्या आईला आमच्या घरी पाठवा.

३००३१ ÷ १७, बाकी ९

रोज संध्याकाळी पाण्याच्या रांगेशी ते विचारायचे, "कुठवर आलीस?"

भागाकार मला भराभर यायचे. पण उत्तर सापडलं की विचारायला कोण येणार? मी मांडायची, पुसायची, पुन्हा मांडायची. सतरावरच आठवडा घालवला.

"लई हळू चाललंय तुझं."

"घाई हाय का तुम्हाला?"

ते काहीतरी बोलणार होते... टँकरचा भोंगा वाजला. बायका धावल्या.

३००३१ ÷ ५३, बाकी ३३

चैत्र सरता सरता ते गावी गेले. माडीची खिडकी बंद. मला करमेना — आणि विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून मी नुसती भागत सुटले.

३००३१ ÷ ५९, बाकी ०

ते परतले तशी मी रस्ता ओलांडून धावले.

"एकोणसाठ! बरोब्बर पाचशे नऊ वेळा. हरलात!"

ते हसले नाहीत.

"आईनं हट्टच धरला, रुद्राणी. परवा सुपारी फुटली. भोकरची मुलगी हाय."

गल्लीत कुणीतरी रिकामी बादली आपटली.

"एकोणसाठ मला ठाऊक होतं," ते हळूच म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

"मग सांगायचं की!"

"तुझ्याकडून हरायचं होतं मला. वाट बघून राहिलो होतो... पण तू टाळतच राहिलीस. वाटलं, तुला काही म्हणायचंच न्हाई."

"टाळत नव्हते हो. लांबवत होते... तुम्ही रोज विचारावं म्हणून."

त्यांनी विचारलं, "काय म्हणणार होतीस?"

मी पदर सावरला.

"हळद लागली की उन्हात फिरू नका," मी म्हणाले. "यंदा ऊन लई हाय."