सौरभच्या मागोमाग लागणारं कार्ड

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण माझ्या नवऱ्याचीच गोष्ट आहे, मी कशाला बनवून सांगू?

गेल्या जूनमधला गुरुवार. कोथरूडचं आमचं ऑफिस. गुरुवार म्हणजे लाईट गेलेली, दुपारभर इन्व्हर्टरची घरघर.

सौरभ आणि मी एकाच कंपनीत. कोण कोणाबरोबर ये-जा करतं, हे साहेबांना बघायचं होतं. दुसरी कामं नव्हतीच ना! दाराच्या कार्डांच्या महिन्याभराच्या नोंदी घेऊन मी स्क्रीनवर जाळं बनवलं. प्रत्येक माणूस म्हणजे एक गोल. दोघांची कार्डं लागोपाठ लागली की मध्ये रेघ. जितक्या वेळा बरोबर, तितकी रेघ जाड. एक गोल माऊसने ओढला की जोडलेले मागे येतात.

मी सौरभचा गोल ओढला.

माझा कसाबसा हलला. आमच्या वेळाच वेगळ्या.

पण दुसरा एक गोल त्याला चिकटूनच आला...

नाव नाही. नुसता कार्डाचा नंबर. आणि रेघ बोटाएवढी जाड.

माझं डोकंच फिरलं. नवऱ्याने गुण उधळायचे आणि बायकोने ते रंगवून साहेबांना दाखवायचे, वा!

खाली जाऊन वॉचमन सुखदेवकाकांना नंबर दाखवला.  ते म्हणाले, हे श्यामला मॅडमचं. दिवाळीआधी अपघातात गेल्या, म्हणून यादीतून नाव काढलंय. कार्ड काकांच्याच कपाटात कुलपात होतं. काढून दाखवलं.

"मग दाराला लागतं कसं?"

"ते मला इचारू नका, ताई."

सौरभला विचारलं. तो म्हणाला, मी तिच्याशी कधी बोललोही नाही. खोटं बोलताना तो कान खाजवतो. त्या दिवशी नाही खाजवला.

खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

भांडभांड भांडून त्याला ती नोकरी सोडायला लावली. म्हटलं, सुटलो एकदाचे.

परवा संध्याकाळी भाजी घेऊन दोघं धायरीच्या घरी आलो. मी दार लावायला वळले. सौरभ खाली वाकून बूट काढत होता.

"थांब जरा... ती येतेय."

"कोण?"

त्याने वर बघितलं. "मी काही बोललो?"

जिना रिकामा होता. मी धाडकन दार लावलं.

पण तो थांब म्हणाला, तेव्हा मी थांबले होते. तेवढा वेळ कोणाला आत यायला पुरतो का, हे मला अजून कळत नाही.